‘डायरेक्ट’ करायचं नाही!

न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा डिझेलची गाडी घेणाऱ्या आपल्या माणसाची एक हमखास फजिती होते. पंपावर डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा कमी बघून तो मनातल्या मनात हिशोब मांडतो आणि खूश होतो. मग कोणीतरी जुनाजाणता त्याला बाजूला घेऊन सांगतो, की बाबा रे, पेट्रोलवाले रस्त्याचा कर पंपावरच भरतात, डिझेलवाल्यांना तो वेगळा भरावा लागतो, हजार-हजार किलोमीटरच्या हिशोबाने. १९७८ पासून ही पद्धत आहे. तेव्हा डिझेल काही फुकट मिळत नाही आणि डिझेलवाला माणूस पहिल्या दिवसापासून ‘ॲव्हरेज किती देते?’ या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाच्या मागे लागतो.

या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे डिझेलच्या जोडीला थोडा गॅस. ऐकून दचकू नका. गॅसवर चालणारी गाडी ही या देशाला नवी गोष्ट नाही. १९७९ साली इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा इथल्या सरकारने ‘कारलेस डे’ काढला होता. दोन हजार किलोपेक्षा हलकी, पेट्रोलवर चालणारी खासगी गाडी असेल, तर आठवड्यातला एक दिवस ती घरी ठेवायची. कोणता दिवस ते काचेवरच्या स्टिकरवरून कळायचं. ३० जुलै १९७९ ला सुरू झालेला हा उपास मे १९८० मध्ये सुटला. त्याच सुमारास तारानाकीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात सापडलेल्या माउई क्षेत्रातला गॅस यायला लागला होता. सरकारने स्वस्त कर्जं आणि सवलती दिल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत एक लाखाहून जास्त गाड्या सीएनजीवर गेल्या. मोटुनुईला तर चक्क गॅसपासून पेट्रोल बनवायचा कारखाना उभा राहिला. पुढे सवलती गेल्या, तेल स्वस्त झालं आणि सीएनजीच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. एलपीजी मात्र बराच काळ टिकून राहिला. म्हणून पन्नाशी-साठी ओलांडलेल्या किवी माणसाला गॅसच्या गाडीचं नवल वाटत नाही. आपल्याला तरी कशाला वाटावं? मुंबईच्या टॅक्सी आणि पुण्याच्या रिक्षा सीएनजीवर गेलेल्या आपण पाहिल्या आहेत, आणि ओम्नी गाडीत घरगुती सिलिंडर लपवून फिरणारे महाभागही आपल्याला माहीत आहेत.

तर अशीच एक जुनी टर्बो डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह मी २०२१ साली वायकाटोतल्या एका शेतकऱ्याकडून घेतली. तिच्यात डिझेलबरोबर एलपीजी सोडायचं किट आधीपासून बसवलेलं होतं. कागदपत्रं व्यवस्थित होती, पर्यायी इंधनाच्या तपासणीचा दाखला होता आणि किटच्या वायरिंगचा घडी पडून पडून फाटायला आलेला एक नकाशाही होता.

या किटमागची कल्पना सोपी आहे. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा, की ते आपणच पेटतं. प्रोपेन मात्र तेवढ्या दाबाने सहसा आपणहून पेटत नाही. म्हणून हवेबरोबर थोडा गॅस आत सोडला, तर डिझेल पेटेपर्यंत तो गप्प बसतो आणि मग त्याच्याबरोबर जळतो. चढावर गाडीला जोर येतो. पण गॅस प्रमाणाबाहेर गेला, तर इंजिन ठोकायला लागतं, नको तितकं तापतं आणि पिस्टनची वाट लागते. मिरचीसारखं आहे, चवीपुरतीच.

हा गॅस अडवायला आणि सोडायला जो व्हॉल्व्ह असतो, तो म्हणजे सोलेनॉइड. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्या मधोमध लोखंडाची छोटी दांडी आणि दांडीच्या मागे स्प्रिंग. वेटोळ्याला बारा व्होल्ट दिले की त्याचं चुंबक होतं, दांडी ‘टक्’ करून ओढली जाते आणि गॅसची वाट उघडते. करंट गेला की स्प्रिंग दांडीला परत ढकलते आणि वाट बंद. म्हणजे या व्हॉल्व्हची मूळ वृत्ती बंद राहण्याची. उघडायला कारण लागतं, बंद व्हायला लागत नाही. मंडळी, हे एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

करोनाच्या काळात बंद झालेली इथली सरहद्द ३१ जुलै २०२२ च्या मध्यरात्री पूर्ण उघडली आणि त्या डिसेंबरमध्ये आई-बाबा आले. तीन वर्षांनी भेट होत होती. नातवंडं खांद्याला लागली होती. पहिला महिना कौतुकात गेला. मग बाबांचं ते सुरू झालं, जे आपल्या सगळ्यांच्या घरी होतं. “काय रे, रस्त्यावर माणूसच दिसत नाही इथे!” आईला सौ.च्या स्वयंपाकघरात आणि मंडळाच्या बायकांत जागा मिळाली. बाबा दुपारभर खिडकीशी. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून सारी नोकरी केलेला माणूस. शेकडो बसगाड्यांचे दिवे, डायनॅमो आणि सेल्फ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांना दिवसभर हाताला काम नाही, हे बघवत नसे. मुलाने आयटीत नाव काढलं याचा त्यांना आनंद होता, पण माझ्या कामात त्यांना काही हात घालता येत नव्हता, आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. किचनमधला एक ड्रॉवर त्यांनी दोनदा दुरुस्त केला होता.

मार्च २०२३ मध्ये गाडी त्यांच्या मदतीला धावून आली. ऑकलंडहून दक्षिणेला निघालं की बॉम्बे हिल्सचा चढ लागतो. (हे नाव आपल्या मुंबईवरून थेट आलेलं नाही बरं का, वसाहतीच्या काळात लोकांना घेऊन आलेल्या ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजावरून आलं. तरी प्रत्येक पाहुण्याला तिथे फोटो काढायचा असतोच.) त्या चढावर गाडी निम्म्यावर आली की गॅसचा जोर एकदम जायचा, गाडी नुसत्या डिझेलवर यायची आणि उतारावर केव्हातरी पुन्हा ‘टक्’ व्हायचं. घरी ड्राइव्हवेमध्ये उभी केली की सगळं ठीक. मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले दोष शोधणारा माणूस, त्यामुळे ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा प्रकार ओळखीचा होता. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सहा जण याच गाडीने तारानाकीला जाणार होतो. नुसत्या डिझेलवर गाडी तशीही चालते, म्हणजे अडत काहीच नव्हतं. पण जी गोष्ट मधूनच चालते आणि मधूनच बंद पडते, तिच्यावर विश्वास ठेवून मागच्या सीटवर मुलांना बसवायचं, हे मनाला पटत नव्हतं.

शनिवारी मंडळातले एक मित्र चहाला आले. हौशी माणूस, हातात कला आहे. सगळं ऐकून म्हणाले, “काका, कशाला डोकं लावताय? बॅटरीपासून एक वायर घ्या, मध्ये स्विच टाका आणि सोलेनॉइड डायरेक्ट करून टाका. इथे याला नंबर एट वायर म्हणतात!” इथल्या नव्या मंडळींसाठी सांगतो, नंबर एट वायर म्हणजे शेताच्या कुंपणाची जाड तार. तिने इथल्या शेतकऱ्याने काय वाटेल ते दुरुस्त केलं, म्हणून तो शब्द किवी जुगाडाचं बिरुद झाला आहे.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “बाबा रे, कुंपणाला तार बांध की. पण गॅस आहे हा. उघडायला दहा वाटा सापडतील. तो बंद का होतोय ते आधी बघू दे. कदाचित त्याला बंद व्हायचंच असेल.”

रविवारी सकाळी बाबांनी कारभार हातात घेतला. गॅरेजचं दार पूर्ण वर, टाकीवरचा हाताने फिरवायचा कॉक बंद, पाइपात उरलेला गॅस इंजिन चालवून संपवलेला, आणि नाकाने चार बाजूंना हुंगून खात्री. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून हुंगायचं ते जमिनीजवळ. एवढं झाल्यावरच चावी फिरवायची आज्ञा झाली.

फ्यूज शाबूत होता. रिले वाजत होता. सोलेनॉइडचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांत मी मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरीइतकेच. बाबा म्हणाले, “मीटरचं कौतुक मला सांगू नकोस. मीटर म्हणजे लग्नातला पाहुणा, नुसता बसून बघतो, काम करत नाही. त्या वायरला ओझं दे, मग बघ.” त्यांनी आदल्या रात्रीच इंडिकेटरच्या एकवीस वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प तयार केला होता. तो त्या दोन टोकांना लावला, तर बल्ब पेटला, पण लोडशेडिंगच्या आधी गावाकडे दिवे व्हायचे तसा मिणमिणता. मग त्याची अर्थची वायर काढून त्यांनी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. बल्ब लख्ख!

म्हणजे करंट येत नीट होता, परत जायला त्याला वाट नव्हती. प्लग पुन्हा बसवून मोजलं. वेटोळ्याला मिळत होते ८.७ व्होल्ट आणि अर्थच्या वायरमध्येच ३.६ व्होल्ट खर्ची पडत होते. चांगल्या जोडात हा आकडा जेमतेम एक-दोन दशांश असायला हवा. अर्थची थिंबल रंग न खरवडलेल्या पत्र्यावर एका स्क्रूने आवळलेली होती आणि तिच्याखाली हिरवट-पांढरा गंज चढला होता. चढावर इंजिन तापलं की तांब्याची तारही तापते, तापली की तिचा रोध वाढतो, करंट आणखी कमी होतो; त्यात धक्के. आधीच अर्धपोटी असलेलं ते चुंबक दांडी सोडून देत होतं आणि स्प्रिंग आपलं काम करत होती. थंडावलं की पुन्हा ‘टक्’. दोष सापडला होता. पॉलिश पेपर आणि एक नवी थिंबल, दहा मिनिटांचं काम.

मी पॉलिश पेपर उचलला, तर बाबांनी माझा हात धरला.

“थांब. चावी कुठे आहे?”

“ऑनला.”

“आणि इंजिन?”

“बंद आहे, बाबा.”

“मग हा करंट इथपर्यंत आला कसा?”

या प्रश्नातली गोम नीट सांगायला हवी. गॅसच्या गाडीचा पहिला नियम असा, की इंजिन थांबलं की गॅस थांबला पाहिजे, चावी चालू असली तरीसुद्धा. अपघातात इंजिन बंद पडतं, पण चावी कोण बंद करणार? पेट्रोलच्या गाडीत हे सोपं आहे. ठिणगीची लय चालू आहे तोवर इंजिन फिरतंय; लय थांबली की सुरक्षेचा डबा गॅस तोडतो. डिझेलला ठिणगीच नाही. मग इंजिन थांबलं हे व्हॉल्व्हला कळायचं कोणाकडून? म्हणून डिझेलच्या किटमध्ये ती खबर ऑइलच्या दाबाकडून किंवा अल्टरनेटरकडून घ्यावी लागते. आमच्या त्या फाटक्या नकाशात रिलेच्या वायरीत ऑइल प्रेशरचा स्विच स्पष्ट दाखवला होता. इंजिन फिरलं, ऑइलला दाब आला, तरच तो स्विच जुळणार आणि तरच रिले लागणार. म्हणजे इंजिन बंद असताना सोलेनॉइडपाशी शून्य व्होल्ट असायला हवे होते. आमच्याकडे ‘व्यवस्थित’ १२.४ होते.

बाबा वायरच्या मागोमाग बोट फिरवत गेले. इंजिनच्या मागच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, काळ्या टेपचं एक गाठोडं होतं. टेप सोडली. ऑइल स्विचकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून टाकलेल्या. डायरेक्ट! केव्हातरी तो स्विच बिघडला असेल, गॅस लागेनासा झाला असेल आणि कोणीतरी सोपा उपाय केला असेल. कोणी आणि केव्हा, हे कळायला मार्ग नव्हता. गॅस अडवायला पुढे रेग्युलेटर असतो, हे खरं. पण तो एकटाच राखणदार उरला होता, आणि त्याचा पडदा जुना होऊन झिरपायला लागला असता, तर बंद इंजिनाच्या नळीत गॅस साठत राहिला असता आणि पुढच्या सेल्फला भडकला असता.

आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. मला प्रकर्षाने जाणवलं ते असं, की आम्ही ज्याला दोष म्हणत होतो त्या गंजलेल्या अर्थमुळे निदान व्हॉल्व्ह कमकुवत तरी होता. तेवढाच ‘दुरुस्त’ केला असता, तर गाडी बॉम्बे हिल्स झोकात चढली असती, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या असत्या, आणि खरा धोका टेपच्या गाठोड्यात तसाच आमच्याबरोबर तारानाकीला आला असता. तक्रार ज्याची होती ते बारीक होतं. ज्याची तक्रार कधी आलीच नसती, ते मोठं होतं.

बाबा म्हणाले, “हे बघ, डायरेक्ट मीही केलंय. रात्रीची शेवटची गाडी, चाळीस माणसं खोळंबलेली, तेव्हा डेपोपर्यंत पोचवायला करावंच लागतं. पण त्या वायरला मी तांबडं फडकं बांधायचो. सकाळी जो बोनेट उघडेल त्याला ते दिसलं पाहिजे. तुटलेली वायर ओरडते रे. डायरेक्ट केलेली वायर ओरडत नाही.”

टाकीचा कॉक तसाच बंद ठेवून सोमवारी आम्ही गाडी गॅसचं काम करणाऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाकडे नेली. गॅसचं काम आणि त्याचा दाखला हा घरच्या गॅरेजमधला विषय नाही, हे बाबांचंच मत. त्याने नवा ऑइल स्विच बसवला, अर्थची वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, रेग्युलेटर तपासला. मग बाबांनी माझ्यामार्फत तीन परीक्षा घ्यायला लावल्या. चावी ऑन, इंजिन बंद: आवाज नाही. इंजिन सुरू, दाब आला: ‘टक्’. इंजिन चालू असताना ऑइल स्विचची वायर काढली: व्हॉल्व्ह बंद. तो गोरा तंत्रज्ञ हसून म्हणाला, “तुझे वडील इन्स्पेक्टर आहेत का?” भाषांतर केल्यावर बाबा कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. निघताना त्या दोघांनी बोनेटखाली डोकं घालून बराच वेळ गप्पा मारल्या. भाषा कोणती होती, विचारू नका.

माझ्या व्यवसायातही हेच आहे, फक्त तिथे वास येत नाही. एखादी तपासणी सारखी अडवते म्हणून कोणीतरी ती ‘तात्पुरती’ काढून ठेवतो, तांबडं फडकं बांधत नाही आणि माणूस नोकरी बदलून जातो. ज्यांनी लोकांचे जीव सांभाळणारी यंत्रं बनवली, त्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. एकोणिसाव्या शतकात वेस्टिंगहाउसने रेल्वेसाठी केलेल्या एअर ब्रेकमध्ये नळी तुटली, हवा गेली, की ब्रेक लागतो. मुंबईच्या लोकलच्या मोटरमनचा हात दांड्यावरून सुटला तर गाडी थांबते. काही न करण्यानेच सुरक्षित होणारी रचना ती चांगली.

ईस्टरला आम्ही तारानाकीला गेलो. आवाकिनोची घळ, मग माउंट मेसेंजरची वळणं. गॅसचा हिरवा दिवा स्थिर होता. बाबा पुढच्या सीटवर, नजर डोंगरापेक्षा त्या दिव्यावरच जास्त. किनाऱ्यावर उभे राहून मी त्यांना सांगितलं, की या समुद्रापलीकडूनच तो माउईचा गॅस येतो. ते बराच वेळ क्षितिजाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तिकडेपण कोणीतरी रोज व्हॉल्व्ह बंद होतोय का, ते बघत असेल.”

जूनमध्ये आई-बाबा परत गेले. टेस्ट लॅम्प त्यांनी गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवून ठेवला आहे, त्याच्या वायरीला एक तांबडी चिंधी बांधून. कोणती गोष्ट तात्पुरती केली, तर बांधायला असू दे, म्हणाले. आम्ही ती दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा काम पुरं करून परत जागेवर बांधली.

मागच्या महिन्यात सौ.ने बाल्कनीसाठी नवा गॅस हीटर आणला. खोक्यातून काढून आम्ही तो पेटवायला निघालो, तर मुलगा मराठीत म्हणाला, “थांबा. हा आडवा पडला तर आपोआप बंद होतो का, ते आधी बघू.”

आम्ही हीटर आडवा करून पाहिला. बंद झाला.